वर्गात व्हिडिओ दाखवायचा, तर पैसे नेमके कशाला मोजायचे?

शाळेत व्हिडिओच्या मदतीने शिकवायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी विक्रेत्याचं कोटेशन टेबलावर ठेवतं. ६५ इंची इंटरॲक्टिव्ह पॅनल, त्यासोबत 'पहिली ते दहावीचा संपूर्ण डिजिटल अभ्यासक्रम', तीन वर्षांची वॉरंटी, बसवण्याचा खर्च वेगळा, जीएसटी वेगळा. तळाचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेलेला असतो. शालेय व्यवस्थापन समितीतले पालक एकमेकांकडे पाहतात, मुख्याध्यापक लोकवर्गणीचा विषय काढतात आणि चर्चा थेट 'पैसे कुठून आणायचे' यावर जाते. 'हे पैसे कशाचे' हे विचारायचं राहूनच जातं. हा लेख ते विचारण्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकणं बरं. मराठी माध्यमाच्या शाळेला लागणारे बरेचसे व्हिडिओ फुकट मिळतात, आणि त्यांतले कितीतरी उत्तम आहेत. पैसे लागतात ते शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलीला ते नीट दिसावेत, नीट ऐकू यावेत आणि ऐन तासाला वीज गेली तरी बंद पडू नयेत यासाठी. म्हणजे पडदा, आवाज, वीज, डेटा आणि दुरुस्ती. बहुतेक शाळा नेमकं उलट करतात. मजकुरावर पैसे घालतात आणि स्पीकर, बॅटरी यांसाठी काही उरत नाही. मग दोन वर्षांत पॅनलवर कापडी कव्हर चढतं.

पुढे दिलेल्या किमती बाजारातल्या सर्वसाधारण किमती आहेत. ब्रँड, गाव आणि सणासुदीच्या सवलतीप्रमाणे त्या थोड्या कमीजास्त होतील.

फुकट काय मिळतं

सगळ्यात आधी 'दीक्षा'. केंद्र सरकारने ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू केलेल्या या मंचावरचं साहित्य वापरायला एक रुपयाही पडत नाही. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ छापलेला चौकोनी क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली गेली, ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा हे कोड जगभर चर्चेत आले. आपल्याकडे मात्र अजूनही कितीतरी घरांत पुस्तकावरचा तो चौकोन एकदाही स्कॅन झालेला नाही.

दीक्षाचा मोठा फायदा असा, की साहित्य ॲपमध्ये उतरवून ठेवता येतं आणि नंतर इंटरनेटशिवाय पाहता येतं. दर्जा मात्र सगळीकडे सारखा नाही. काही चित्रफिती इतक्या नेमक्या आहेत की शिक्षकाचा अर्धा तास वाचतो. काहींमध्ये पुस्तकातलाच मजकूर पडद्यावर सरकतो आणि मागे कोणीतरी तो वाचतं. त्या दाखवण्यापेक्षा फळा बरा. म्हणून आदल्या दिवशी शिक्षकाने व्हिडिओ स्वतः पाहायचा, हा नियम ठेवा. त्याला फक्त वेळ लागतो.

विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांचं काम आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काड्यापेटी, सायकलची ट्यूब, रिकामी बाटली अशा वस्तूंपासून खेळणी करण्याच्या शेकडो छोट्या फिल्म केल्या. त्यांतल्या अनेक मराठीत आहेत आणि सगळ्या मोफत आहेत. शाळेने एकाच प्रकारचे व्हिडिओ निवडायचे ठरवले, तर मी हेच निवडेन. ते पाहून मुलं उठतात आणि वस्तू करून बघतात. व्हिडिओ संपल्यावर वर्गात काम सुरू होतं.

संगणक शिकवायचा असेल तर आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहेत. साधारण दहा मिनिटांचा एकेक पाठ, अनेक पाठांना मराठी आवाज, आणि उतरवून घ्यायला परवानगी. नववीच्या पुढे आणि महाविद्यालयात 'स्वयम्' आणि 'एनपीटीईएल' आहेत. तिथले अभ्यासक्रम पाहणं मोफत आहे, फक्त प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर शुल्क पडतं. एनपीटीईएलच्या परीक्षेचं शुल्क एका विषयाला १,००० रुपये आहे. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार स्वयम् वरच्या अभ्यासक्रमांतून एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेता येतात. आपलं महाविद्यालय ते मान्य करतं का, हे प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या.

इंटरनेटच पोचत नसेल तर डीडी फ्री डिश. अँटेना आणि सेट टॉप बॉक्सचा एकदाच होणारा खर्च दीड-दोन हजार रुपये, नंतर महिन्याचं भाडं शून्य. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या पीएम ई-विद्या योजनेतली 'एक इयत्ता, एक वाहिनी' अशी शैक्षणिक चॅनल यावर दिसतात. त्यांतलं बरंचसं हिंदी-इंग्रजी आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांवर आधारलेलं असतं. त्यामुळे मराठी माध्यमाच्या पाचवीला ते थेट लागू पडत नाही, आठवी-नववीच्या विज्ञान-गणिताला बऱ्यापैकी पडतं. मराठीत असं काम आधी झालेलं आहे. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या बालचित्रवाणीने मुलांसाठी कितीतरी कार्यक्रम केले, आणि टाळेबंदीत २०२० साली सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली'ने पहिली ते आठवीच्या मुलांना पालकांसोबत शिकायला बसवलं.

डेटाचा हिशेब कागदावर करा

इथे विक्रेते आणि पालक दोघंही अंदाजाने बोलतात. हिशेब मात्र सोपा आहे. व्हिडिओ सेकंदाला १ मेगाबिट वेगाने येत असेल, तर तासाला ४५० एमबी खर्च होतात (३,६०० सेकंदांना ८ ने भागा). यूट्यूबवर ४८०पी दर्जाचा व्हिडिओ साधारण याच वेगाच्या आसपास चालतो. ७२०पी ला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं आणि १०८०पी ला आणखी बरंच.

म्हणजे दहा मिनिटांचा ४८०पी व्हिडिओ ७५ एमबीचा. तो शिक्षिकेने वर्गातल्या टीव्हीवर एकदा लावला तर खर्च ७५ एमबी. तोच व्हिडिओ 'घरी बघा' म्हणून चाळीस मुलांच्या ग्रुपवर टाकला तर ३,००० एमबी, म्हणजे ३ जीबी, आणि तो खर्च चाळीस घरांच्या खिशातून. यातल्या काही घरांत एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. घरी पाहायला दिलेला व्हिडिओ शाळेला फुकट वाटतो, कारण त्याचं बिल पालक भरतात. मुख्याध्यापकांनी हे लक्षात ठेवावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता वर्गाचा महिना मोजू. रोज अर्धा तास ४८०पी, महिन्याचे २४ दिवस. अर्ध्या तासाला २२५ एमबी, महिन्याला ५.४ जीबी. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या साध्या मोबाइल पॅकमध्ये हे आरामात बसतं. दोन शिक्षकी शाळेला फायबरची जोडणी लागतेच असं नाही. गावात रेंज असेल तर फोनचा हॉटस्पॉट पुरतो. असे पॅक २८ दिवसांना ३०० रुपयांच्या आसपास पडतात. २८ दिवसांचा महिना धरल्यावर वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. वर्षाचे सुमारे ३,९०० रुपये.

हे ३,९०० रुपये कोण भरतं? बहुतेक ठिकाणी शिक्षक स्वतःच्या फोनवरून. ते चुकीचं आहे. शाळेसाठी वेगळं सिम घ्या आणि रिचार्जचा खर्च शाळेच्या हिशेबात लावा. समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानात ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,०००, त्यापुढे १०० पर्यंत पटाला २५,००० आणि २५० पर्यंत पटाला ५०,००० रुपयांची तरतूद आहे. त्यात वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता सगळंच बसवायचं असतं, पैसे कमीच पडतात. तरीही रिचार्जसाठी त्यात एक ओळ हवी.

मोठ्या शाळेत, जिथे चार-पाच वर्गांत एकाच वेळी व्हिडिओ चालणार, तिथे फायबर घ्यावं. ३० एमबीपीएसचा मूळ प्लॅन ३९९ रुपये दिसतो, १८ टक्के जीएसटी धरून तो ४७१ पडतो. जाहिरातीत लहान आकडा असतो, बिलात मोठा. पाच वर्गांत ७२०पी चाललं तरी १५ एमबीपीएसच्या आत भागतं, त्यामुळे शाळेला १०० एमबीपीएसचा प्लॅन कोणी गळ्यात मारत असेल तर कारण विचारा.

आणि डेटा वाचवायचा खरा मार्ग म्हणजे व्हिडिओ एकदाच उतरवायचा. १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह हजार रुपयांच्या आत मिळतो. त्यात ७५ एमबीचे दीड हजाराहून जास्त व्हिडिओ मावतात, म्हणजे शाळेचं काही वर्षांचं काम. तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या वाय-फायवर उतरवून आणायचे आणि टीव्हीच्या मागे लावायचे. पाच-सहा हजारांचा छोटा संगणक असेल तर त्यावर 'कोलिब्री' नावाची मोफत प्रणाली बसवून खान अकॅडमीसारखं साहित्य इंटरनेटशिवाय आजूबाजूच्या फोनवर आणि टॅबवर देता येतं. शाळेत कोणी हौशी शिक्षक असेल तरच या वाटेला जा, बाकीच्यांना पेन ड्राइव्ह पुरे.

एक खबरदारी. यूट्यूबवरचा दुसऱ्याचा व्हिडिओ भलत्याच संकेतस्थळावरून उतरवणं यूट्यूबच्या अटींच्या विरुद्ध आहे, आणि अशा संकेतस्थळांवरून शाळेच्या संगणकात व्हायरसही येतात. उतरवायची परवानगी देणारे वर सांगितलेले स्रोत भरपूर आहेत.

पडदा किती मोठा, कोणता

वर्ग कितीही छोटा असला तरी शेवटच्या रांगेपासून मोजायला सुरुवात करा. पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत अक्षरं नीट वाचता येतात, हा कामाचा अंदाज आहे. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५४ सेंटिमीटर, म्हणजे तो सव्वातीन मीटरपर्यंत, साडेदहा फुटांपर्यंत चालतो. ५५ इंची टीव्ही चार मीटरपर्यंत, साडेतेरा फुटांपर्यंत. ६५ इंची असेल तर पावणेपाच मीटरच्या पुढे, सोळा फुटांपर्यंत. वर्ग याहून खोल असेल तर व्हिडिओच्या वेळी बाकं पुढे घ्या किंवा मुलांना सतरंजीवर बसवा. त्याला काही खर्च नाही आणि मुलांना ते आवडतं.

साध्या ४३ इंची स्मार्ट टीव्हीची किंमत २० ते २८ हजार, ५५ इंचीची ३२ ते ४५ हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा आणि प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. कोणी त्याआधीचं दरपत्रक पुढे करत असेल तर नवं मागा.

प्रोजेक्टर ३० ते ४५ हजारांत मिळतो आणि चित्र मोठं पडतं. पण त्याला अंधार लागतो. आपल्या वर्गांना खिडक्या मोठ्या आणि पडदे नसतात, वर पत्रा आणि दारातून ऊन. दिवसा अकरा वाजता प्रोजेक्टरवरचं चित्र फिकट दिसतं. शिवाय दिवा गेला की काही हजारांचा नवा दिवा आणि धूळ साफ करणारा माणूस शोधणं. सभागृह असेल तर प्रोजेक्टर, वर्गासाठी टीव्ही.

इंटरॲक्टिव्ह पॅनल म्हणजे बोटाने लिहिता येणारा मोठा टीव्ही. ६५ इंचीची किंमत लाखाच्या वर, पावणेदोन लाखांपर्यंत जाते. तो वाईट नाही. गणिताच्या शिक्षकाला आकृतीवर लिहिता येणं उपयोगी पडतं. पण व्हिडिओ दाखवायला त्याची गरज नाही. त्याच पैशांत तीन वर्गांना ५५ इंची टीव्ही येतात. एक वर्ग भारी आणि दोन वर्ग कोरडे ठेवण्यापेक्षा तिन्ही वर्गांत साधा टीव्ही, हाच निर्णय मी घेईन.

टीव्ही घेताना वॉरंटी कार्ड नीट वाचा. काही कंपन्यांची वॉरंटी फक्त घरगुती वापराला लागू असते. शाळेच्या नावाने बिल केल्यावर वॉरंटी चालेल का, हे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या. जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे तेही विचारा. तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर असलेला ब्रँड दोन हजारांनी महाग असला तरी परवडतो.

आवाज आणि वीज

आवाज आणि वीज यांची कोटेशनमध्ये ओळच नसते, आणि वर्गात व्हिडिओ फसतो तो बहुधा इथेच. आजच्या पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, घरातल्या दोन-चार माणसांसाठी. पस्तीस मुलांच्या वर्गात, पत्र्यावर पाऊस पडत असताना त्यातून काही ऐकू येत नाही. मागची मुलं चित्र बघतात आणि थोड्या वेळाने एकमेकांशी बोलू लागतात. मुलांचं लक्ष नाही असं म्हणून आपण मोकळे होतो. अडीच-तीन हजारांचा वायरचा स्पीकर किंवा साउंडबार घ्या, कानाच्या उंचीवर लावा. ब्लूटूथचा नको, तो ऐनवेळी कुणाच्या तरी फोनला जोडला जातो.

वीज फार खात नाही. ५५ इंची टीव्ही सव्वाशे-दीडशे वॉटचा. रोज दोन तास, वर्षाला २२० दिवस चालवला तर ६० युनिटच्या आसपास, म्हणजे पाच-सहाशे रुपये. खरी अडचण वीज जाण्याची. छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून १४ ते २० हजार. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, त्यासाठी दरवर्षी थोडे पैसे बाजूला काढा. व्होल्टेज कमीजास्त होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग हवंच. अर्थिंगशिवाय टीव्ही भिंतीवर चढवू नका.

'कंटेंट'ची ओळ वेगळी काढा

पॅनलसोबत येणाऱ्या डिजिटल अभ्यासक्रमाची किंमत बहुतेक वेळा पॅनलच्याच किमतीत मिसळलेली असते. विक्रेत्याला ती वेगळी लिहून द्यायला सांगा. मग पुढचे प्रश्न विचारा: परवाना कायमचा की वार्षिक, नूतनीकरणाला दरवर्षी किती, नूतनीकरण केलं नाही तर आधीचं चालू राहील का. पुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पुस्तक बदललं तर काय? बालभारतीची पुस्तकं इयत्तानिहाय टप्प्याटप्प्याने बदलतात. नवं पुस्तक आल्यावर जुन्या धड्यांचे व्हिडिओ कुचकामी ठरतात. ते मोफत बदलून देण्याची हमी लेखी नसेल, तर तो करार घेऊ नका. शेवटी एक परीक्षा: विक्रेत्याला त्याच्या आवडीचा नाही, तुमच्या सातवीच्या इतिहासातला एखादा धडा उघडायला सांगा आणि त्याच धड्याचा क्यूआर कोड शेजारी फोनवर उघडा. दोन्ही पाहून समितीतल्या पालकांना ठरवू द्या.

शाळेने स्वतःचे व्हिडिओ करावेत का? जमेल तितके करावेत. त्यासाठी स्टुडिओ नको. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की सहा मिनिटांहून छोटे व्हिडिओ विद्यार्थी शेवटपर्यंत पाहतात, आणि खर्चिक स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा शिक्षक साधेपणाने बोलत असलेले व्हिडिओ जास्त गुंतवून ठेवतात. पैसे वाचवणारा निष्कर्ष इतका स्पष्ट क्वचितच मिळतो. फोन आहेच, हजार रुपयांचा ट्रायपॉड, हजाराच्या आसपासचा कॉलर माइक, संकलनासाठी मोफत ॲप. गावातल्या ओढ्याचा, गावच्या किल्ल्याचा, शेतातल्या कीडनियंत्रणाचा व्हिडिओ दुसरं कोणी करून देणार नाही. शिक्षकाचे दोन-तीन तास मात्र यात जातात आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. मुख्याध्यापकांनी तेवढा वेळ त्या शिक्षकाला दुसऱ्या कामातून द्यावा.

थेट प्रक्षेपणाचं गणित वेगळं. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत संपते, गूगल मीटवर तिघांहून अधिकांची ६० मिनिटांत. मान्यताप्राप्त शाळेला गूगलची 'एज्युकेशन फंडामेंटल्स' सेवा मोफत मिळते, १०० जणांपर्यंत बैठक घेता येते, पण रेकॉर्डिंगची सोय त्यात नाही, ती सशुल्क आवृत्तीत आहे. यूट्यूबवर फोनवरून थेट दाखवायचं तर वाहिनीला किमान ५० सदस्य लागतात. ७२०पी ला साधारण ३ एमबीपीएस अपलोड वेग हवा, त्यात तासाला १.३५ जीबी जातात, म्हणजे शिक्षकाचा दिवसाचा पॅक एका तासात जवळजवळ संपतो. शाळेसाठी थेट प्रक्षेपण क्वचितच करावं. आधी चित्रित केलेला सहा मिनिटांचा व्हिडिओ स्वस्त पडतो आणि पुन्हा पाहता येतो.

कायद्याचं थोडक्यात. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ (१) (जे) नुसार शाळेच्या उपक्रमात, विद्यार्थी-शिक्षक-पालकांपुरता चित्रपट दाखवता येतो. पण ओटीटीचं खातं हा वेगळा करार असतो आणि तो वैयक्तिक वापरासाठी असतो, म्हणून कुणाच्या तरी घरच्या खात्यावरून वर्गात मालिका लावू नका. नेटफ्लिक्स काही माहितीपट शिक्षणासाठी दाखवायची परवानगी देतं, तसं त्या शीर्षकाखाली लिहिलेलं असतं. आणि मुलांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ सार्वजनिक वाहिनीवर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो.

पालकांसाठी

घरी फोन करून 'मुलाची चाचणी घेऊ' म्हणणारा एखाद्या शिकवणी ॲपच्या कंपनीचा प्रतिनिधी आला, तर लक्षात ठेवा, चाचणी फुकट असते आणि ती विक्रीची पहिली पायरी असते. सांगितलेली फी ३०,००० असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ३५,४०० होतात. 'महिन्याला फक्त तीन हजार' हे बहुतेक वेळा कर्ज असतं, आणि ते कंपनीचं नाही तर तुमच्या नावावर एखाद्या वित्तसंस्थेचं असतं. मुलाने आठवड्यात ॲप सोडलं तरी हप्ता सुटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शालेय शिक्षण विभागाने पालकांना याच धर्तीवर सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या: आपोआप पैसे कापले जाण्याची परवानगी देऊ नका, कर्जाचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. कार्ड किंवा यूपीआयवरून वर्गणी आपोआप कापली जाण्याच्या २४ तास आधी सूचना येते, तिथूनच ती थांबवता येते.

माझा सल्ला इतकाच की एक पूर्ण सत्र दीक्षा आणि यूट्यूबवरचे मोफत धडे मुलाच्या शेजारी बसून वापरून बघा. मूल स्वतःहून उघडत नसेल, तर पैसे देऊनही उघडणार नाही. घेतलंच आणि फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. त्यासाठी पावती, प्रतिनिधीचे संदेश आणि तोंडी दिलेली आश्वासनं लेखी स्वरूपात जपून ठेवा.

साठ मुलांच्या शाळेचं अंदाजपत्रक

५५ इंची टीव्ही ३८,०००. स्पीकर ३,०००. पेन ड्राइव्ह १,०००. भिंतीची फ्रेम, वायरिंग, अर्थिंग ३,०००. इन्व्हर्टर आणि बॅटरी १४,०००. वर्षाचे रिचार्ज ४,०००. पहिल्या वर्षी एकूण ६३,०००. पुढे दरवर्षी रिचार्ज, वीज आणि दुरुस्तीचा राखीव निधी मिळून साडेसात हजार. पाच वर्षांचे ९३,०००, म्हणजे वर्षाला १८,६००, प्रत्येक मुलामागे वर्षाला ३१० रुपये. मजकुराच्या रकान्यात शून्य.

समितीच्या पुढच्या बैठकीत पॅनलचं कोटेशन आलं, तर त्याच्या शेजारी हा कागद ठेवा. तीन दरपत्रकं मागवा, त्यांत स्पीकर आणि बॅटरी लिहायला लावा, 'कंटेंट'ची ओळ काढून टाका. लोकवर्गणीतून टीव्ही घेतल्यावर तो साठा नोंदवहीत चढवा आणि त्याचा रिमोट कार्यालयात कुलपात न ठेवता वर्गशिक्षिकेकडे द्या.